शेवटचा फॉर्मा

रुवीत या कादंबरीची प्रत एकच.
सासवडहून आली, बॅगेत लोणच्याच्या बरणीला टेकून.
पान नव्वदवर तेलाचा गोल डाग,
नेमका तिथे, जिथे म्हातारा पहिल्यांदा स्वतःचं नाव विसरतो.
डागातून मागचं पान दिसतं, उलटं.
वृंदा टिपणीस म्हणाली, लेखकाला हेच म्हणायचं असणार.

मग एका ऑगस्टात कुणीतरी ती
गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलं.
अठ्ठेचाळीस अंशांत पुठ्ठ्याचा डिंक पाघळला
आणि शेवटची सोळा पानं गेली.
आता दोनशे अठ्ठ्याऐंशीवर वाक्य तुटतं:
आणि मग त्याने दाराची

कडी, म्हणते नेत्रा, जी यंदाच आली.
तिच्या नवऱ्याचं मत, चौकट.

शेवट वाचलेले तिघेच.
वृंदाला आठवतं, म्हातारा मरत नाही,
घाटावर बसून बायकोला पत्र लिहितो
आणि पहिल्या ओळीपासून आपण ते पत्रच वाचत असतो.
सायमन तुस्कानो हात झटकतो:
मेला तो, पहिल्याच प्रकरणात मेला,
बाकी सगळं मुलगी आठवतेय.
आणि घाट कसला? विहीर होती.
तुला वसईची दिसत असेल, वृंदा म्हणते,
आणि चहा निवतो.

तिसरे हिरामण तायडे. एसी दुरुस्त करायचे.
बोलायचे नाहीत, समासात लिहायचे,
पेन्सिलने, बिलावर लिहावं तसं नीट:
इथे माझी बहीण.
बरोबर. आधी आवाज जातो, चेहरा नंतर.
इथे थांबलो, मुलाचा फोन.
एका ठिकाणी लेखकाने प्रेत लिहिलंय.
तायडेंनी ते खोडलं आणि वर लिहिलं,
बाबा.

मार्चमध्ये तायडे गेले,
सहाव्या मजल्याच्या गच्चीवर, बाहेरचं युनिट उघडून ठेवलेलं.
कागद मुबीन पारकरने केले. तो कार्गोत असतो.
अकोल्याला कुणाला फोन करायचा,
विमान नागपूरचं मिळेल की मुंबईचं,
हे त्याला तोंडपाठ.
नंतर त्याने कादंबरी मागितली. आठ दिवसांत परत आणली.
काय वाटलं, आम्ही विचारलं.
तो म्हणाला, लिहिणाऱ्याने कधी पेटी उचलली नसावी.
तीन प्रकरणं माणूस मरतोय
आणि वजन कुठेच लिहिलेलं नाही.
जरा वेळाने,
समासात आहे पण.

त्या शुक्रवारी नेत्राने सरळ विचारलं,
दुसरी प्रत का मागवत नाही?
पुण्याहून कुणी ना कुणी येतंच की.
नको, म्हणाली वृंदा.
नको, म्हणाला सायमन,
आणि दोघं एकमेकांकडे बघतच राहिली.
समोरच्या उघड्याबोडक्या डोंगरावर
नुकते दिवे लागत होते.

तो डॅशबोर्ड माझा होता.
हे मी कुणाला बोलले नाही.
मेमध्ये मुल्कियाची मुदत संपली, गाडी विकायला काढली,
तर सीटखाली, वाळूत,
पेट्रोलच्या पावत्यांबरोबर ती सोळा पानं.
पार्किंगमध्ये उभ्या उभ्या वाचली.
घाट नाही. विहीर नाही.
त्याने दाराचं जे काही केलं
त्यासाठी नेत्राचा शब्दही चालला नसता.
आणि अगदी शेवटी, मुद्रकाच्या नावाच्या वर,
तायडेंची पेन्सिल:
पटलं नाही. एवढं सोपं नसतं.

पानं मी रव्याच्या डब्यामागे ठेवली आहेत.
दर दुसऱ्या शुक्रवारी ते दोघं भांडतात,
मी आलं किसते, जास्तच किसते.
परवा एकटी होते तेव्हा
ती वजनकाट्यावर ठेवून पाहिली.
अठरा ग्रॅम.
मुबीनला सांगावं का, एवढंच ठरत नाही.